वालोंगोचा धक्का: दोनदा गाडलेला, एकदा सापडलेला

रिओ दि जानेरोच्या जुन्या बंदर भागात, आजच्या किनाऱ्यापासून बऱ्यापैकी आत, रस्त्याच्या पातळीखाली एक उघडी जागा आहे. तिच्या कठड्याशी उभे राहून खाली पाहिले की दगडी फरसबंदीचे दोन थर दिसतात. वरचा थर घडीव, एकसारख्या आकाराच्या दगडांचा आहे. त्याच्याखाली डोकावणारा दुसरा थर ओबडधोबड असून त्यात हाताला लागतील तसे लहानमोठे दगड एकमेकांत ठोकून बसवलेले आहेत. या दुसऱ्या धाटणीला पोर्तुगीजमध्ये ‘पे दि मोलेके’, म्हणजे रस्त्यावरच्या पोराचा पाय, असे म्हणतात. याच नावाची शेंगदाणे आणि गूळ यांची चिक्की ब्राझीलमध्ये घरोघरी खाल्ली जाते, आणि चिक्कीचा तुकडा डोळ्यांसमोर आणला की ही फरसबंदी कशी दिसते हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या खालच्या दगडांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे अमेरिका खंडातले पहिले पाऊल पडले. अशा माणसांची संख्या युनेस्कोच्या अंदाजानुसार सुमारे ९ लाख आहे.

या जागेचे नाव ‘काइस दो वालोंगो’, म्हणजे वालोंगोचा धक्का. जागतिक वारसास्थळ म्हणून नोंदवलेले त्याचे क्षेत्र ०.३८९५ हेक्टर, म्हणजे आपल्या मोजमापात जेमतेम साडेअडतीस गुंठे आहे. एवढ्याशा जमिनीभोवती आफ्रो-ब्राझिलियन स्मृतीच्या जतनाचे जवळजवळ सगळे प्रश्न गोळा झालेले आहेत. काय गाडले गेले, कोणी गाडले, ते कोणाच्या आग्रहामुळे वर आले आणि वर आल्यानंतर ते सांभाळायचे कोणी, हे ते प्रश्न होत. प्रस्तुत प्रकरण अभ्यासाचा भर शेवटच्या प्रश्नावर आहे. धक्का सापडला ही बातमी जगभर पोहोचली. तो सापडल्यानंतरच्या बारा वर्षांची हकीकत तेवढी पोहोचली नाही, आणि वारसा जपण्याच्या कामाविषयी शिकण्यासारखे बरेचसे त्या बारा वर्षांतच आहे.

धक्का आणि त्याच्यामागचा बाजार

अठराव्या शतकात रिओमध्ये उतरवलेल्या गुलामांची विक्री शहराच्या मध्यवर्ती रस्त्यावर होत असे. उघड्यानागड्या, आजारी माणसांचे ते दृश्य प्रतिष्ठितांच्या डोळ्यांना खुपू लागले आणि १७७४ मध्ये व्हाइसरॉय लाव्रादिओ याने हा बाजार शहराच्या वेशीबाहेर वालोंगोला हलवण्याचा आदेश दिला. आक्षेप विक्रीला नव्हता, ती नजरेस पडण्याला होता, हे येथे लक्षात ठेवावे, कारण पुढच्या सव्वाशे वर्षांत या जागेच्या बाबतीत जे जे घडले त्यात हीच वृत्ती पुन्हा पुन्हा दिसते. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजांपुढून निघालेला पोर्तुगालचा राजदरबार रिओला येऊन स्थिरावला, शहर फुगले, कॉफी आणि उसाच्या मळ्यांची मागणी वाढली, आणि १८११ मध्ये वालोंगोच्या किनाऱ्यावर दगडी धक्का बांधण्यात आला.

धक्क्यामागे पसरलेली वस्ती म्हणजे एक पूर्ण यंत्रणा होती. किनाऱ्याजवळ आजाऱ्यांना वेगळे ठेवण्याची इमारत होती. वालोंगोच्या रस्त्यावर दुतर्फा कोठारे होती आणि त्यांत सागरी प्रवासाने खंगलेल्या माणसांना खायला घालून, तेल चोळून, विक्रीयोग्य केले जाई. प्रवासातच किंवा उतरल्यानंतर विकले जाण्याआधी जे मरत त्यांच्यासाठी जवळच एक दफनभूमी होती. तिचे नाव ‘प्रेतोस नोवोस’, म्हणजे नव्याने आलेल्या काळ्यांची स्मशानभूमी, असे होते. पण तिथे दफन या शब्दाला साजेसे फारसे काही होत नसे. प्रेते उथळ खड्ड्यांत एकावर एक टाकली जात, वरून माती लोटली जाई, जागा भरली की हाडे जाळून आणि फोडून नव्या प्रेतांना वाट करून दिली जाई, आणि आसपासच्या घरांतला कचराही तिथेच येऊन पडे. चर्चच्या नोंदवहीत १८२४ ते १८३० या काळातल्याच सहा हजारांहून अधिक दफनांची नोंद आहे.

या धक्क्यावर उतरलेल्यांपैकी बहुतेक जण काँगो आणि अंगोलाच्या बाजूचे होते, तर काही मोझांबिकहून, आफ्रिका खंडाला वळसा घालून आणलेले होते. मोझांबिकच्या संदर्भात आपल्याकडच्या इतिहासाचा एक धागा या प्रकरणात येतो, आणि तो सोयीस्करपणे विसरला जातो म्हणून नोंदवणे भाग आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालत असे. त्यानंतरही दीव-दमणच्या व्यापाऱ्यांनी नेलेले गुजराती कापड त्या किनाऱ्यावर चलनासारखे वापरले जाई, आणि त्याच्या मोबदल्यात हस्तिदंताबरोबर माणसेही घेतली जात. अटलांटिकचा गुलामव्यापार हा निव्वळ युरोप, आफ्रिका आणि अमेरिका यांच्यातला मामला होता असे मानण्याची आपली सवय त्या कापडाच्या ताग्यांपाशी येऊन अडखळते.

७ नोव्हेंबर १८३१ च्या कायद्याने ब्राझीलमध्ये गुलाम आणण्यास बंदी घातली. ब्रिटनच्या दबावाखाली केलेला हा कायदा इतका हातचा राखून राबवला गेला की ‘इंग्रजांना दाखवण्यापुरते’ हा ब्राझिलियन पोर्तुगीजमधला रूढ वाक्प्रचार त्यावरूनच पडला असे सांगतात; दाखवायचे दात म्हणजे काय हे मराठी माणसाला ठाऊकच आहे. वालोंगोचा उघड बाजार बंद झाला, मात्र इतर किनाऱ्यांवर चोरटी आयात १८५० चा कडक कायदा येईपर्यंत धडाक्यात चालू राहिली, आणि गुलामगिरी स्वतः १३ मे १८८८ पर्यंत टिकली.

दोन वेळचे गाडणे

१८४३ मध्ये दुसऱ्या पेद्रू सम्राटाची वधू, दोन सिसिलींच्या राज्याची राजकन्या तेरेझा क्रिस्तीना, रिओला यायची होती. तिला उतरवून घेण्यासाठी निवडलेली जागा वालोंगोची होती. जुन्या ओबडधोबड दगडांवर भर घालून त्यावर घडीव दगडांची नवी फरसबंदी करण्यात आली, ग्रीक-रोमन देवतांचे पुतळे बसवण्यात आले, आणि धक्का ‘सम्राज्ञीचा धक्का’ झाला. मागच्या वालोंगो रस्त्याचे नावही बदलून सम्राज्ञीचा रस्ता असे ठेवण्यात आले. बाजार उठून बारा वर्षे झाली होती. आता त्याचे नावही नकाशावर उरले नाही.

दुसरे गाडणे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आहे. पॅरिसच्या धर्तीवर रिओ नव्याने उभारण्याची मोहीम निघाली, बंदर आधुनिक करण्यासाठी समुद्र भरून काढण्यात आला, आणि १९११ पर्यंत सम्राज्ञीचा धक्काही भरावाखाली जाऊन वर एक चौक तयार झाला. या वेळी देवतांच्या पुतळ्यांची मात्र काळजी घेतली गेली. ते उचलून जवळच्या टेकडीच्या उतारावर १९०६ मध्ये केलेल्या वालोंगोच्या बागेत नेऊन ठेवण्यात आले. कोणता थर सांभाळून ठेवण्यायोग्य मानला गेला हे सांगायला एवढा तपशील पुरेसा आहे. कागदपत्रांचीही हीच गत झाली. अर्थमंत्री रुई बार्बोसा यांनी १४ डिसेंबर १८९० रोजी सरकारी दप्तरांतल्या गुलामगिरीविषयक नोंदी जाळण्याचा आदेश काढला. जुन्या मालकांना नुकसानभरपाईचे दावे लावता येऊ नयेत हा त्यामागचा हेतू होता असे त्याचे समर्थन केले जाते, आणि ते खरेही असू शकेल. परंतु त्यात आपल्या आजोबा-पणजोबांची नावे शोधू पाहणाऱ्यांच्या हाती यायचे कितीतरी धागेही गेले.

दगड आणि कागद असे नाहीसे होत असताना माणसे मात्र तिथेच होती. गांबोआ, सौदे आणि प्रासा ओन्झे या भागांत मुक्त झालेले आफ्रिकी वंशाचे लोक आणि बाहिया प्रांतातून कामाच्या शोधात आलेली कुटुंबे दाटीवाटीने राहत. ‘छोटी आफ्रिका’ हे या वस्तीचे नाव चित्रकार आणि सांबा-रचनाकार एइतोर दोस प्राझेरेस यांच्या नावावर सांगितले जाते. बंदरातल्या काळ्या हमालांनी १९०५ मध्ये गोदाम आणि कॉफी कामगारांची आपली संघटना उभी केली. बाहियातल्या सांतो आमारो इथे १८५४ मध्ये जन्मलेल्या इलारिया बातिस्ता दे आल्मेदा रस्त्यावर पांढऱ्या बाहियन पोशाखात बसून मिठाई विकत आणि घरी कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या ब्राझिलियन धर्माचे विधी करत. लोक त्यांना ‘तिया सियाता’, म्हणजे सियाता मावशी, म्हणत. पोलीस सांबा आणि ढोल यांच्यावर धाडी घालत असताना मावशींच्या घरातल्या पुढच्या खोलीत पाहुण्यांना चालतील अशी वाद्ये वाजत, मागच्या खोलीत सांबा चाले आणि अंगणात देवतांसाठी ढोल घुमे. मावशींनी राष्ट्राध्यक्षांच्या पायाची न बरी होणारी जखम बरी केली आणि त्यामुळे त्यांच्या घराला पोलिसांचा त्रास कमी झाला, अशी एक कथा रिओत सांगतात. ती खरी असो वा नसो, आश्रय मिळवण्यासाठी काय काय करावे लागे याची तिच्यावरून कल्पना येते.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला अनपेक्षित वाटेल. गांधीजींच्या हत्येनंतर वर्षभराने, १९४९ मध्ये, बाहियातल्या साल्वादोर शहराच्या गोदी कामगारांनी कार्निव्हलसाठी ‘फिल्योस दे गांधी’, म्हणजे गांधींचे पुत्र, हा पांढऱ्या पोशाखाचा आणि फेट्यांचा ताफा काढला. त्याच नावाचा रिओचा ताफा १९५१ मध्ये निघाला आणि त्याचे घर पूर्वीच्या वालोंगो रस्त्यावरच, म्हणजे आजच्या कामेरिनो रस्त्यावर झाले. या ताफ्याची गाणी आफ्रिकी ओरिशा दैवतांची असतात आणि ठेका कांदोंब्लेचा असतो. गांधीजींच्या नावाने निघालेल्या या मंडळींना अहिंसेचे तत्त्वज्ञान किती ठाऊक होते, हा प्रश्न मला गौण वाटतो. संशयाने पाहिल्या जाणाऱ्या काळ्या गोदी कामगारांना रस्त्यावर मोठ्या संख्येने आणि शांतपणे उतरण्यासाठी ज्या नावाची ढाल चालेल ते नाव त्यांनी निवडले, यात मोठी समज आहे.

घराखालची हाडे, चौकाखालचा धक्का

जानेवारी १९९६ मध्ये गांबोआतल्या पेद्रू एर्नेस्तो रस्त्यावरच्या एका राहत्या घराची दुरुस्ती सुरू असताना मजुरांच्या फावड्याला मानवी हाडे लागली. घराच्या मालकीणबाई मेर्सेद ग्वीमारान्स आणि त्यांच्या यजमानांना आधी वाटले की एखाद्या जुन्या खुनाचा हा प्रकार असावा. हाडे इतकी निघाली की तो तर्क सोडून द्यावा लागला. ‘प्रेतोस नोवोस’च्या हरवलेल्या दफनभूमीवर हे कुटुंब राहत होते. पुरातत्त्वज्ञ आले, नोंदी झाल्या, आणि पुढे वर्षानुवर्षे सरकारी पातळीवर हालचाल अशी झाली नाही. अखेर या दांपत्याने २००५ मध्ये त्याच जागी ‘प्रेतोस नोवोस’ संशोधन आणि स्मृती संस्था सुरू केली. जमिनीत केलेल्या काचेच्या झरोक्यांतून आज तिथे खालची माती आणि हाडांचे तुकडे पाहता येतात. २०१७ मध्ये याच घरात पहिल्यांदा एक पूर्ण सांगाडा मिळाला. तो साधारण विशीतल्या स्त्रीचा होता. सुदानमधून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आणि पुढे संतपद मिळालेल्या स्त्रीच्या नावावरून संशोधकांनी तिला झोझेफिना बाखिता हे नाव दिले. त्याच वर्षी महापालिकेकडून येणारी मदत थांबल्याने संस्था बंद पडते की काय अशी वेळ आली होती.

त्याच्या काही वर्षे आधी शहर २०१६ च्या ऑलिंपिकच्या तयारीला लागले होते. ‘पोर्तो माराविल्या’ या योजनेखाली बंदर भागातली सुमारे ५० लाख चौरस मीटर जागा नव्याने विकसित करायची होती. रस्त्यांखालची गटारे आणि वाहिन्या टाकण्यासाठी खोदकाम होणार म्हणून कायद्यानुसार पुरातत्त्वीय पाहणी आवश्यक होती, आणि ती राष्ट्रीय संग्रहालयाच्या तानिया आंद्रादे लिमा यांच्याकडे आली. या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण इथे आहे. सम्राज्ञीचा धक्का कुठे असावा हे ढोबळ मानाने माहीत होते, आणि तो सापडला की काम भागले असे म्हणता आले असते. लिमा यांनी त्याच्याखालचा वालोंगो शोधायचा असे आधीपासूनच ठरवले होते. २०११ च्या सुरुवातीला घडीव दगडांच्या खाली ‘पे दि मोलेके’ फरसबंदी दिसू लागली. उत्खनन हे नेहमी कशाच्या तरी शोधात केले जाते, आणि जो थर शोधायचाच नाही तो सहसा सापडत नाही, ही गोष्ट या कामातल्या लोकांना नवी नाही. तरी तिचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

दुसरा निर्णायक क्षण वस्तूंचा होता. दगडांबरोबर मण्यांचे, कवड्यांचे, मातीच्या चिलमींचे, तांब्याच्या कड्यांचे आणि ताईतांचे ढीग निघाले. त्यांत पियासावा नावाच्या ताडाच्या, काथ्यासारख्या धाग्यांनी विणलेल्या अंगठ्या होत्या. बोटात घालायच्या या अंगठ्या इतक्या नाजूक असतात की शंभर-दोनशे वर्षे मातीत राहून त्या हाती लागाव्यात हेच आश्चर्य आहे. सोन्याचांदीची एखादी चीज सापडली असती तर तिचे मोल तत्काळ ठरले असते. काथ्याच्या अंगठीचे मोल कोण ठरवणार? पुरातत्त्वज्ञांनी कांदोंब्ले परंपरेतल्या माय सेलिना दे शांगो यांना बोलावले. (‘माय’ हा माझा अनुवाद नव्हे, कांदोंब्लेच्या पुजारिणींना पोर्तुगीजमध्ये ‘मांइ’च म्हणतात, आणि अर्थही आईच.) कोणती वस्तू संरक्षणासाठी अंगावर घालायची, कोणती दैवतापुढे ठेवायची, कोणता दगड नुसता दगड नव्हे, हे त्यांनी सांगितले. जे ज्ञान शंभर वर्षे पोलिसांच्या धाडींपासून लपवून जपावे लागले होते तेच आता उत्खननाच्या टेबलावर आधार म्हणून घेतले गेले.

कवड्यांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून चाललेल्या कवड्यांचा मोठा भाग मालदीवच्या समुद्रातला होता. हिंदी महासागरातल्या बंदरांतून त्या युरोपीय जहाजांत भरल्या जात आणि त्यांच्या बदल्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेतली जात. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण सहज वापरतो. तिकडे कवड्यांच्या राशी मोजून माणसाचे मोल ठरत असे. त्याच कवड्या कांदोंब्लेमध्ये दैवताची इच्छा जाणून घेण्यासाठी टाकल्या जातात आणि अंगावर बाळगल्या जातात. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ पाहिलेल्या माणसाला, एकच शिंपला चलन आणि पूजाद्रव्य दोन्ही कसा होतो हे समजायला जड जाणार नाही.

धक्का उघडा ठेवण्याचा निर्णय

सापडलेले अवशेष नोंदवून पुन्हा मातीखाली झाकून टाकणे ही पुरातत्त्वात रूढ आणि अनेकदा शहाणपणाची पद्धत आहे. इथे ते झाले नाही याचे श्रेय काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीतल्या संघटनांना आणि कांदोंब्लेच्या पुजारिणींना द्यायला हवे. त्यांचे म्हणणे असे होते की हा धक्का दोनदा झाकला गेला आहे. तिसऱ्यांदा, मग ते कितीही शास्त्रशुद्ध रीतीने असो, तो झाकता येणार नाही. महापालिकेने ते मान्य केले. नोव्हेंबर २०११ मध्ये आफ्रिकी वारशाच्या गौरवार्थ एक ऐतिहासिक-पुरातत्त्वीय परिक्रमा जाहीर झाली. तिच्यात सहा ठिकाणे आहेत: वालोंगो आणि सम्राज्ञीचा धक्का, ‘प्रेतोस नोवोस’ची दफनभूमी, गुलामांच्या कोठारांचा चौक, वालोंगोची बाग, पेद्रा दो साल आणि जोझे बोनिफासियो सांस्कृतिक केंद्र. त्यांतले पेद्रा दो साल हे मिठाच्या गोण्या उतरवण्यासाठी पायऱ्या खोदलेले कातळ असून, १९८४ मध्येच राज्याने त्याला संरक्षण दिले होते आणि २००५ मध्ये तिथल्या लोकांना क्विलोंबोंचे, म्हणजे पळून सुटलेल्या गुलामांच्या वस्त्यांचे, वंशज म्हणून मान्यता मिळाली होती. सोमवारी रात्री तिथे आजही सांबाची मैफल भरते.

जुलै २०१२ मध्ये धक्का लोकांसाठी खुला झाला, आणि त्याच वर्षी धक्का धुण्याचा विधी सुरू झाला. साल्वादोरच्या बोन्फिन चर्चच्या पायऱ्या बाहियन स्त्रिया जानेवारीत सुगंधी पाण्याने धुतात, त्याच परंपरेतला हा विधी आहे. पांढरेशुभ्र घेरदार झगे आणि डोक्याला बांधलेली पांढरी वस्त्रे अशा वेषातल्या स्त्रिया फुलांनी भरलेल्या घागरी घेऊन येतात, ढोल वाजू लागतात, फिल्योस दे गांधीचा ताफा असतो, आणि ज्या दगडांवर माणसे उतरवली गेली ते दगड सुवासिक पाण्याने आणि झाडूने धुतले जातात. याला सांस्कृतिक कार्यक्रम म्हणणे अपुरे आहे. अंत्यसंस्काराविना गेलेल्यांसाठी दोनशे वर्षांनी केलेले ते कृत्य आहे, आणि पितरांना पाणी देणे म्हणजे काय हे माहीत असलेल्या समाजाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये.

जागतिक वारशासाठीचा प्रस्ताव मानववंशशास्त्रज्ञ मिल्तोन गुरान यांच्या समन्वयाखाली तयार झाला आणि जुलै २०१७ मध्ये पोलंडमधल्या क्राकाव इथल्या बैठकीत वालोंगोची नोंद झाली. कसोटी सहावी, म्हणजे बांधकामाच्या सौंदर्यासाठी नव्हे तर जगाच्या दृष्टीने महत्त्वाच्या घटनांशी असलेल्या नात्यासाठी. मराठी वाचकाच्या ओळखीचे याच कसोटीवरचे दुसरे एक स्थळ आहे. मॉरिशसमधला पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ मध्ये याच कसोटीवर नोंदला गेला. करारबद्ध मजूर म्हणून तिथे उतरलेल्यांत कोकणातली आणि देशावरची मराठी कुटुंबेही होती, आणि त्यांचे वंशज आज मॉरिशसमध्ये आहेत. करारबद्ध मजुरी आणि गुलामगिरी यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल. परंतु पायऱ्यांच्या काही दगडांतून एका समाजाचे मूळ हाती लागते, हा अनुभव दोन्हीकडे आहे.

पाटी लागल्यानंतर

इथून पुढचा भाग उत्सवी नाही. नोंद करताना ब्राझीलने अवशेषांची डागडुजी, अभ्यागतांना माहिती देणारे केंद्र आणि नागरी संघटनांना बरोबर घेणारी व्यवस्थापन समिती यांची हमी दिली होती. धक्का समुद्र भरून काढलेल्या जमिनीत आणि रस्त्याच्या पातळीखाली असल्यामुळे जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी साचते. ते बाहेर काढण्याची व्यवस्था बिघडली की दगडांच्या खालची माती सैल होऊ लागते. दिव्यांच्या तारा चोरीला जाणे, कठडा खिळखिळा होणे, फलक उन्हाने पुसट होणे या बाबी कोणत्याही वार्तांकनात शेवटच्या परिच्छेदात जातात, पण वारसा टिकतो किंवा जातो तो नेमका त्यांच्यावर. डागडुजीच्या पहिल्या टप्प्याला अमेरिकी वकिलातीच्या सांस्कृतिक निधीतून पैसा मिळाला. दरम्यान, २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री राष्ट्रीय संग्रहालय आगीत भस्मसात झाले, आणि देशातला वारसा किती तोकड्या पैशावर तग धरून होता हे सगळ्या जगाने पाहिले.

व्यवस्थापन समिती २०१८ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी गेली. एप्रिल २०१९ मध्ये नव्या केंद्र सरकारने एका फर्मानाने नागरिकांचा सहभाग असलेल्या समित्या सरसकट बरखास्त केल्या, त्यांत ही समितीही आली. कोणीतरी वालोंगोवर डोळा ठेवून हा घाव घातला असे म्हणता येणार नाही; तो सरसकट फिरलेला नांगर होता. पण त्यामुळेच तो अधिक बोलका आहे. धक्का तिथेच होता, पाटी तिथेच होती, दगडही जागच्या जागी होते. फक्त पुजारिणी, चळवळीतले लोक, वस्तीतले रहिवासी आणि तीन पातळ्यांवरची सरकारे यांना एका टेबलापाशी बसवणारी जागा उरली नाही. आणि ती नसताना चार वर्षे प्रत्येक काम, मग तो एक दिवा बदलण्याचा प्रश्न का असेना, कोणाच्या अखत्यारीतले यावर अडत राहिले. ज्यांच्या आग्रहावर धक्का उघडा राहिला त्यांनाच त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार उरला नाही, असा हा पेच होता.

माहिती केंद्राचा प्रश्नही असाच लोंबकळला. त्यासाठी डोळ्यांसमोर असलेली जागा म्हणजे धक्क्याच्या समोरच उभी असलेली जुन्या गोदीची भव्य विटांची इमारत. १८७१ मधली ही इमारत आंद्रे रेबोसास या काळ्या अभियंत्याची. हा माणूस गुलामगिरीविरोधी चळवळीचा एक मोठा नेता होता आणि या बांधकामावर गुलाम कामाला लावू दिले नाहीत असे सांगितले जाते. गुलामांच्या धक्क्यासमोर काळ्या अभियंत्याने बांधलेल्या वास्तूत या इतिहासाचे केंद्र असावे, यापेक्षा स्वाभाविक काय असणार? मात्र इमारतीत भुकेविरुद्ध काम करणारी एक नामांकित नागरी संघटना अनेक वर्षे होती. तिचे काम कुणालाही नाकारता येण्यासारखे नव्हते, आणि वाद शेवटी सरकारी वकिलांच्या दप्तरात गेला. दोन चांगल्या हेतूंमधले भांडण सोडवायला वेळ लागतो, हे मान्य; पण तेवढ्या काळात धक्क्यावर येणाऱ्या शाळकरी मुलांना उन्हात उभे राहून शिक्षकांकडून जेवढे कळेल तेवढेच कळत राहिले. २००३ च्या कायद्याने आफ्रो-ब्राझिलियन इतिहास शाळांत सक्तीचा केलेल्या देशात ही उणीव लहान नव्हे.

मार्च २०२३ मध्ये समिती पुन्हा स्थापन झाली, तिच्यात नागरी संघटनांना त्यांच्या जागा परत मिळाल्या, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये, काळ्या जाणिवेच्या दिवसाच्या आठवड्यात, डागडुजी पूर्ण झालेला धक्का पुन्हा खुला झाला. नवा कठडा, दिवे आणि फलक लागले. पुढच्याच वर्षापासून हा दिवस, म्हणजे २० नोव्हेंबर, देशभर सार्वजनिक सुट्टीचा झाला.

एका आक्षेपाचा विचार केल्याशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही. ज्या योजनेमुळे धक्का सापडला त्याच योजनेने या भागात उंच इमारती आणि जवळच्या प्रासा मौआ या चौकात चकचकीत संग्रहालये आणली, आणि प्रोविदेन्सिया टेकडीवरच्या जुन्या झोपडवस्तीतल्या अनेक घरांवर पाडकामाची खूण मारली गेली. छोट्या आफ्रिकेचा वारसा पर्यटनाच्या नकाशावर येत असताना छोट्या आफ्रिकेतली माणसे भाडे न परवडून दूरच्या उपनगरांत जाऊ लागली, तर मग धक्का धुवायला येणाऱ्या बायका कुठून येणार, असा प्रश्न वस्तीतले लोक विचारतात. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे आणि तो पुरातत्त्व खात्याच्या कक्षेत सुटणारा नाही. दगडांना पातळीखाली स्थिर ठेवण्याचे तंत्र उपलब्ध आहे; भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या ढोलवादकाला त्याच गल्लीत ठेवण्याचे तंत्र कोणत्याही वारसा कायद्यात नाही.

तूर्त, पाऊस झाला की धक्क्यावर साचलेले पाणी उपसावे लागते, आणि जुलै आला की घागरी घेऊन त्याच दगडांवर पाणी ओतायला बायका येतात.